धक्क्यावर भरलेली ओटी

नवस माझ्यासाठी बोललेला होता, पण मला कुणी विचारलं होतं का? आदल्या वर्षी मी टायफॉइडनं पार खंगले होते. ताप उतरेना, डॉक्टर औषधं बदलून थकले, तेव्हा सासूबाईंनी बेंगळुरातल्या आमच्या मल्लेश्वरमच्या घरात देवापुढे बसून परस्पर ठरवून टाकलं, की सून बरी झाली तर तिला शरावतीच्या पाण्यापलीकडच्या देवीच्या दर्शनाला नेईन, तिच्या हातून ओटी भरीन आणि त्या दिवशी ओटी भरून होईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालणार नाही. मी बरी झाले. औषधांनी झाले, असं माझं ठाम मत होतं. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण येणंजाणंही फारसं उरलं नव्हतं. आजारात देव कुठे आठवतो हो, आठवतो फक्त ताप.

सासूबाई विधवा, त्यामुळे ओटी त्यांना स्वतः भरता येणार नव्हती. मला जाणं भागच होतं. ह्यांना कारखान्यातून रजा मिळेना. मग चिकपेटेत कापडाच्या दुकानाच्या कोपऱ्यात टेबल टाकून यात्रा काढणारे एक अण्णा सापडले. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेले मराठी गृहस्थ. त्यांची 'सप्तद्वीप यात्रा' होती. कावेरीतली बेटं, तुंगभद्रेतलं बेट, समुद्रातलं बेट, सगळं एका आठवड्यात, एका मिनीबसमधून. मध्ये कुठे होडी, कुठे टोपलीसारखी गोल हरगोल, कुठे लाँच. कल्पना छानच होती. पण अण्णांचं घड्याळ आणि जगाचं घड्याळ यांची कधी भेटच झालेली नव्हती! पहिल्याच दिवशी कावेरीकाठी आम्ही उन्हात तासन्‌तास होडीची वाट पाहत उभे. विचारायला गेलं की अण्णांचं एकच पालुपद, "स्वल्प थांबा वो अक्का, सगळं सरी होतंय." सहा दिवसांत एकदाही 'सरी', म्हणजे ठीक, झालं नाही. मी बसमध्ये भांडले, होडीत भांडले, एका देवळाच्या पायरीवर तर इतकी भांडले की पुजारी आरती थांबवून बघायला आले. सासूबाई मात्र ओटीची पिशवी पोटाशी धरून शांत. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारका आणि आमच्याकडची रीत म्हणून गुळाचा मोठा खडा. झोपतानाही ती पिशवी उशाशी असायची.

त्या देवीच्या दिवशी सकाळी लॉजवर मी पाहते तो काय, सासूबाईंनी नेहमीप्रमाणे इन्सुलिनची सुई टोचून घेतलेली. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो आई, खायचं नाही तर सुई कशाला? साखर खाली गेली म्हणजे?" तर म्हणाल्या, "सुई चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि अण्णा म्हणालेत ना, नऊला दर्शन म्हणून. लगेच खाईन." म्हणजे डॉक्टरांचंही ऐकायचं, देवीचंही ऐकायचं, फक्त माझं ऐकायचं नाही! अण्णांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, पाण्यापाशी पोचलो की पलीकडेच देऊळ. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

धक्क्यावर पोचलो. लाँच मोठी होती, आख्खी बस तिच्यावर चढायची. अण्णांनी फर्मान काढलं, गर्दी आहे, तेव्हा बस पहिल्या खेपेला जाऊ दे, माणसं दुसऱ्या. बस गेली. तिच्यात आमचं सामान, माझी पर्स, बिस्किटं, साखरेचा डबा, सगळं गेलं. लाँच पलीकडे टेकली आणि तिथेच राहिली. इंजिन बंद पडलं होतं, हे आम्हाला बऱ्याच वेळानं एका लहान होडीतल्या माणसानं ओरडून सांगितलं. बस पलीकडे काड्यापेटीएवढी दिसत होती. धक्क्यावरची चहाची एकुलती टपरी बंद. टपरीवालाही त्याच खेपेनं पलीकडे गेलेला. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा वो." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द त्यांनी गिळले.

उन्हं चढत गेली. सासूबाई झाडाखाली बसल्या होत्या. आधी त्यांना दरदरून घाम फुटला, मग हात थरथरायला लागले, मग त्या मला माझ्या नणंदेच्या नावानं हाका मारायला लागल्या. मी बरोबरच्या मंडळींकडे धावले. एकीकडे चकली, एकाकडे खारे शेंगदाणे, एका आजोबांकडे सुपारी. सबंध यात्रेत गोड म्हणून काही असेल तर ते सासूबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत. मी गुळाचा खडा काढून त्यांच्या ओठांशी नेला, तर त्यांनी दात घट्ट मिटून घेतले. शुद्ध हरपत चाललेली, तरी मान हलवतायत. "देवीचं आहे ते. ओटी भरायची राहिलीय." मी विनवलं, ओरडले, जबडा धरून पाहिला. अण्णांनी हात धरायला मदत केली, तेवढ्यात त्यांना एक सणसणीत फटका बसला. ओठांना चोळलेला गूळसुद्धा त्या थुंकून टाकत होत्या. मग हळूहळू फटक्यातला जोरही गेला आणि डोळे मिटायला लागले. तेव्हा मात्र मी खरी घाबरले. ही बाई माझ्यासाठी बोललेल्या नवसापायी माझ्याच डोळ्यांदेखत जाणार होती.

मला रडूही आलं आणि संतापही आला. मी उठले, पाण्याकडे तोंड केलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "बाई गं, तुझीच ओटी ना ही? मग तूच ये आणि घेऊन जा! माझ्याच्यानं आता होत नाही." याला प्रार्थना म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही. सहा दिवस अण्णांशी ज्या आवाजात बोलत होते, त्याच आवाजात बोलले.

धक्क्यावर लाँचची वाट पाहणाऱ्यांत एक बाई होती. चाळिशीची, उंच, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि काखेत जिवंत कोंबडी. ती मघापासून आमचा तमाशा बघत होती. ती आली, कोंबडी सरळ अण्णांच्या हातात दिली आणि सासूबाईंच्या समोर जमिनीवर फतकल मारून बसली. तिनं पदर पसरला. माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं, पण तिचं बोलणं मला कळलं. ती म्हणाली, "अम्मा, माझी ओटी भरा." मराठी तिला येत नसावं. पिशवीतला खण आणि नारळ बघून समजली असेल. त्यांच्याकडेही सवाष्णीची ओटी भरतातच. सवाष्णीच्या रूपात देवीच असते, हे मला काय माहीत नव्हतं? चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी दरवर्षी हेच तर करते. पण त्या क्षणी मला दात उघडण्यापलीकडे काही सुचत नव्हतं.

मी तिच्यासमोर गुडघे टेकले. सासूबाईंच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आई, बघा, ओटी भरतेय." त्यांनी कसेबसे डोळे उघडले. मी तिला खण दिला, नारळ दिला, ओंजळीनं तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, खारका आणि शेवटी गूळ. पिशवी रिकामी झाली तशी मी वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पायांना चिखल होता. सहा दिवसांत सहा देवळांत मी नमस्कार केले होते, पण हा नमस्कार माझ्या मनात मावेना. तिनं पदरातला गूळ उचलला, दगडावर आपटून फोडला आणि एक तुकडा सासूबाईंच्या ओठांशी धरला. "प्रसाद, अम्मा." सासूबाईंनी तोंड उघडलं. लहान मुलासारखं, लगेच.

एक तुकडा, दुसरा, मग नारळ फोडून त्याचं पाणी, मग खारीक. हळूहळू घाम ओसरला. थोड्या वेळानं सासूबाईंनी मला माझ्या नावानं हाक मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "कोंबडी कुणाची गं ही?" ज्या बाईच्या सोवळ्यात कांदासुद्धा दाराबाहेर थांबायचा, तिच्या ओटीवर कोंबडीची पिसं उडत होती. मी त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले. अण्णाही डोळे पुसत होते, पण कोंबडी धरलेल्या हातांनी ते काही नीट जमेना.

दुपार कलताना लाँच आली. ती बाईही आमच्याबरोबरच चढली, बाळंतीण लेकीकडे निघाली होती. कुठे अदृश्य वगैरे झाली नाही. उलट चढल्या चढल्या तिनं लाँचवाल्याला उशिराबद्दल असं काही झापलं की मी सहा दिवसांत अण्णांना त्याच्या निम्मंही बोलले नसेन. पलीकडे उतरून तिनं सासूबाईंच्या गालावरून हात फिरवला, कोंबडी काखेत मारली आणि गेली.

देवळात पुजाऱ्यांनी ओटी मागितली. मी बाहेरच्या दुकानातून दुसरी आणायला वळले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "भरून झाली ना एकदा? तिनं घेतली." आणि रिकामे हात जोडून उभ्या राहिल्या. मीही राहिले. मागायला काही उरलंच नव्हतं. तू आलीस, एवढंच मनात येत होतं.

देवासमोर शांत बसता येत नाही म्हणून तेव्हापासून मी कुढत नाही. माझा स्वभाव चिडका, तो काही बदलला नाही. फक्त सगळं करून हात टेकले, की आता मी चिडून का होईना, तिला हाक मारते. पूर्वी वाटायचं, देवीला माझा हा सूर कसा चालेल? मग लाँचवाल्याला झापणारी ती बाई आठवते, आणि वाटतं, चालत असावा. तिचाही तसाच आहे.