कामशेतच्या खिंडीत न उडालेली ठिणगी

तळेगावहून लोणावळ्याला जायला आगगाडी आहे. ती वेळेवर सुटते आणि वाटेत तिला कुणी ढकलावं लागत नाही. ज्यांना नुसतं लोणावळ्याला पोचायचं आहे त्यांनी तिनंच जावं. आम्ही मोटारीनं गेलो, कारण मोटार सासऱ्यांची होती आणि सासरे म्हणाले, "मोटारीनं जाऊ."

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, आता पेन्शन घेतात. ही मोटार त्यांनी नोकरी सोडताना एका साहेबाकडून घेतली आणि तेव्हाच ती जुनी होती. वर कापडी टप, पुढे फिरवायचं हँडल, आणि बॅटरीच्या ठिणगीवर पेटणारं पेट्रोलचं इंजिन. लोणावळ्याला त्यांची धाकटी बहीण राहते, आमच्या आत्याबाई. त्या विषमज्वरातून नुकत्याच उठल्या होत्या आणि 'एकदा भेटून जा' असं त्यांचं पत्र आलं होतं. माझे यजमान रोज पुण्याला कचेरीत जातात, त्यांना रजा मिळेना. म्हणून अण्णा आणि मी. मला अण्णांनीच गेल्या हिवाळ्यात स्टेशनपलीकडच्या माळावर मोटार चालवायला शिकवली होती. त्यावर गावात बरंच बोलून झालं होतं. रस्त्यावर मात्र मी ती एकदाही नेली नव्हती.

मार्गशीर्षातली सकाळ होती, गार आणि कोरडी. जाणाऱ्यांनी ही सोय करावी: पेट्रोलचा एक जादा डबा, इंजिनात ओतायला पाण्याची कळशी, हत्यारांची पेटी आणि तोंड झाकायला उपरणं. डांबर काही ठिकाणीच आहे, बाकी खडी, आणि तिची धूळ नाकात जाऊन बसते. खायला आमच्याकडे आत्याबाईंसाठी केलेले डिंकाचे लाडू होते, पण ते मोजून दिलेले.

वडगावच्या अलीकडे आम्ही एका बैलगाडीच्या इतक्या जवळून गेलो की पेंढ्याच्या चार काड्या माझ्या मांडीवर पडल्या.

"हे गाडीवान रस्त्याच्या मधून चालवतात," अण्णा म्हणाले.

गाडी कडेला सोडलेली होती. बैल झाडाखाली बांधलेले होते. मी काड्या झटकल्या.

वडगाव सोडलं आणि इंजिन अडखळायला लागलं. खड्डा आला की ठसका, सपाटी आली की पुन्हा ठीक. अण्णा कान देऊन ऐकत होते. "पेट्रोलमध्ये कचरा आहे," ते म्हणाले. पुढे इंद्रायणी उजव्या हाताला, डावीकडे खळ्यांवर भात झोडत असलेली माणसं. हा तुकडा फार सुरेख आहे, सावकाश जावं. आम्ही सावकाशच जात होतो. कामशेतच्या खिंडीचा चढ लागला आणि अर्ध्यात मोटार गप्प झाली.

मी उतरून चाकांमागे दगड लावले. अण्णांनी बॉनेट उघडलं. तेवढ्यात खालून एक शेतकरी आला, डोक्यावर भाताचं पोतं. वडिवळ्याचा होता, नाव भिकोबा. पोतं उतरवून तो बघत उभा राहिला आणि अण्णांनी त्याला लगेच हँडलला लावलं.

तपासणी अशी असते. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगची तार काढायची, कोरड्या फडक्यात धरायची, तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून जरा दूर ठेवायचं आणि हँडल फिरवायचं. टोकातून लोखंडावर ठिणगी उडाली तर वीज ठीक, दोष पेट्रोलचा. नाही उडाली तर दोष विजेचा. आत स्टिअरिंगच्या चाकासमोर वीज दाखवणारा एक काटा असतो, हँडल फिरताना तोही हलायला हवा. मला त्या काट्याकडे बघायला बसवलं होतं.

भिकोबानं हँडल फिरवलं.

"आहे," अण्णा म्हणाले. "चांगली निळी ठिणगी आहे. काटा हलतोय ना?"

काटा हलत नव्हता. मी मान वर करून तारेकडे पाहिलं, तिथेही मला काही दिसलं नाही. पण अण्णा अगदी जवळ वाकलेले होते, आणि मोटार त्यांची होती. मला वाटलं, माझंच बघायला चुकलं असेल. मी "हं" म्हटलं.

त्या एका 'हं'मुळे पुढचे दोन तास आम्ही पेट्रोलच्या मागे होतो. नळी सोडवली, मी तोंडानं फुंकली. पेट्रोलची चव दिवसभर जात नाही हे लक्षात ठेवावं. कार्बोरेटर उघडून पुसला. टाकीतलं पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं. कचरा म्हणून एक मुंगी निघाली. सगळं जोडून पुन्हा हँडल. मोटार गप्पच.

भिकोबानं फडकं सोडून अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला. "खावा बाई. लय येळ झाला." ठेचा जळजळीत होता आणि पेट्रोलवर त्यानं जरा उतार पडला.

अण्णांनी पुन्हा तार धरली, पुन्हा हँडल फिरलं. "ठिणगी तर आहे," ते म्हणाले.

भिकोबा हँडल सोडून उभा राहिला. "आबा, ठिणगी म्हंजी चुलीत उडती तशीच ना?"

"तशीच. जरा निळी."

"मंग ती न्हाई उडली. मगाशी बी न्हाई. मला वाटलं, तुमास्नी ठावं."

अण्णांच्या हातात तार तशीच राहिली. मग त्यांनी मला विचारलं, "तू काय पाहिलंस?"

"काही नाही."

"आणि काटा?"

"हलला नाही. आधीही नव्हता हलला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आहे म्हणालात."

अण्णांनी फडकं झटकलं, त्याची नीट घडी केली. "मला दिसत नाही, सुमती," ते म्हणाले. "उजव्यानं बराच काळ नाही. डावाही आता जात चालला. माळावर तुला शिकवलं ते काय हौसेनं?"

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. पहिल्यांदा पेंढ्याच्या काड्या आठवल्या. मग राग आला, आणि तो अण्णांवर किती आणि माझ्यावर किती हे मला ठरवता येईना. भिकोबा पोत्याची गाठ तपासत होता. ती सुटलेली नव्हती.

"बरं," अण्णा म्हणाले. "आता खरं बघू. मी सांगतो, तू बघ. नसेल तर नाही म्हण."

बॅटरीकडून वीज आधी आतल्या बटणाला येते, तिथून एका तारेनं इंजिनवरच्या कॉइलला, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या वेटोळ्याला जाते. अण्णांनी बटणापाशी ती तार सुटी करायला लावली आणि बटणाला तारेचा दुसरा तुकडा लावून त्याचं टोक लोखंडाला क्षणभर टेकवायला सांगितलं.

"आहे," मी म्हटलं. बारीकशी, पण होती.

"आता तीच तार जोड, आणि कॉइलपाशी सोडवून तिथं टेकव."

"नाही."

"नक्की?"

"नाही, अण्णा. काहीच नाही."

"म्हणजे मधली तार." ती तार हातात घेऊन ते बोटांनी चाचपत गेले. वीतभर, दोन वीत. जिथं ती इंजिनच्या कडेला घासत होती तिथं थांबले. वरून सुताचं वेष्टण शाबूत होतं, आत तांबं तुटलेलं. खड्ड्यात टोकं सुटायची, सपाटीवर पुन्हा भेटायची. डोळे असलेल्या मला तिथं काहीही दिसलं नव्हतं.

भिकोबाच्या विळ्यानं वेष्टण सोललं, टोकं पिळून जोडली, वर चाकाच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. भिकोबानं हँडल मारलं आणि मोटार पहिल्या फेऱ्यात सुरू झाली. त्याला लोणावळ्यापर्यंत यायचा आग्रह केला. "न्हाई बा. माजं घर हितं मागं ऱ्हायलं, मोटार बगाया वर आलतो," तो म्हणाला. दोन तास आमच्यापायी थांबलेला माणूस. मी त्याला मोजून दिलेल्यातले चार लाडू दिले.

अण्णा डावीकडे जाऊन बसले. चाकामागं मी बसले.

कार्ल्याच्या फाट्याबद्दल, वलवणच्या पाण्याबद्दल लोक भरभरून लिहितात. मला यातलं काही सांगता येणार नाही, मी फक्त रस्ता पाहिला. अण्णा इंजिन ऐकून "आता गिअर" म्हणत होते, मी समोरचं मोठ्यानं सांगत होते: "गाडी येतेय. म्हैस. म्हैस बसलीय." एकदा ते म्हणाले, "म्हैस मलाही दिसली." मी विचारलं, "खरंच?" ते म्हणाले, "नाही."

आत्याबाई ओट्यावर वाट पाहत होत्या, फार वाळलेल्या. मला चाकामागून उतरताना त्यांनी पाहिलं आणि मग भावाकडे.

"गेल्या दिवाळीत यानं माझ्या पडवीतल्या खांबाला 'बसा ना' म्हटलं होतं," त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं, थट्टा करतोय."

"थट्टाच होती," अण्णा म्हणाले. त्यांनी चाचपत बहिणीचा हात धरला आणि जेवण होईपर्यंत सोडला नाही. ताटात दुधीची भाजी आणि मऊ भात होता. पेट्रोलची चव होतीच.

दुसऱ्या दिवशी बाजारातून चिक्की घेऊन परतलो. चिक्की दुकानासमोरच फोडून बघून घ्यावी. उतारावर मोटार सोपी जाते, फक्त ब्रेकवर विसंबू नये. खिंडीत कुणी भेटलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं यजमान आले. मोटारीला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं.

"एक तार तुटली होती," अण्णा म्हणाले, "आणि मला दिसत नाही. तारेचं काम झालं."

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याचं आता काही होणार नाही, डाव्याचं ऑपरेशन करून बघू. अण्णांनी तारीख घेतली. आगगाडीनं जाऊ असं ते आपणहून म्हणाले.

त्या प्रवासाचं म्हणून माझ्याकडे काय राहिलं? मोटार मी आता बाजारापर्यंत नेते. आणि घरात कुणी "आहे ना?" असं विचारलं, तर 'हं' म्हणण्याआधी मी खरोखर बघते. हे सासरी सोपं नाही.

लोणावळ्याहून आल्याच्या दुसऱ्या सकाळी पुण्याहून वर्तमानपत्र आलं. अण्णा रोजच्यासारखे आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी ते उघडलं, जरा वेळ समोर धरलं आणि मग माझ्याकडे दिलं. मी जवळ स्टूल ओढून पहिल्या पानावरची बातमी वाचायला लागले.

"आजचं नको," अण्णा म्हणाले. त्यांनी कपाटाखालच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. "आषाढापासूनचं राहिलंय."