नलूमावशी आणि रिकामं दुकान

गेल्या महिन्यात फ्राउ क्लाईनचा, म्हणजे मावशीच्या जर्मन मैत्रिणीचा, फोन आला. "नलू गेली," एवढंच म्हणाली. आम्ही दोघी फोनवर रडलो... आणि थोड्या वेळाने चक्क हसलो. नलूमावशीचा विषय निघाला की रडणं फार टिकत नाही.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइम गावच्या निम्म्या मराठी मंडळींची ती मावशी. जन्मभर नर्स म्हणून राबली आणि निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून गावाच्या मागे लागली. आमच्या रस्त्यावरची दुकानं एकामागून एक बंद पडत होती, आणि वरच्या मजल्यांवर बायका घरबसल्या शिवणकाम, पाव, लोणची असं सुरेख काहीबाही करत होत्या. मावशीने या दोन्हींची गाठ घालायचं ठरवलं. रिकाम्या दुकानात पाळीपाळीने एकेकीने धंदा करून बघायचा, जुन्या दुकानदारांनी तिला शिकवायचं, जमलं तर तिने याच रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटायचं. नगरपालिका मदतीला तयार होती, पण म्हणाली, आधी जागा दाखवा. तिथेच घोडं पेंड खात होतं.

फ्राउ क्लाईनचं लोकरीचं दुकान बंद होतं. मावशीने तिला चहाला बोलावलं, मीही होते. चकल्या खाता खाता ती म्हणाली, "माझं दुकान घ्या. भाड्याचं नंतर बघू." ज्यासाठी मावशीने उंबरे झिजवले ते आपणहून समोर आलं, आणि मावशी काय म्हणाली? "नको नको, तुम्हाला उगाच कशाला त्रास!" आता समोरच्याने आग्रह करावा, ही आपली रीत. फ्राउ क्लाईन "आल्झो, बरं," म्हणाली आणि तिने दुसरी चकली उचलली. ती घरी गेली तशी मावशी माझ्याकडे वळली.

"मेधा, परत विचारलंच नाही गं तिने!"

"मावशी, इतकी वर्षं जर्मनीत काढलीस, इथे आग्रह कोण करतं?"

"हॉस्पिटलात मी जर्मनच असायचे. घरी चहा केला की मराठी होते!"

आणि तशीच जिन्यावरून धावली. "या, गेनाऊ! हो, अगदी हवंय मला दुकान!" सगळी इमारत दारात आली. "मग मघाशी 'नको' का म्हणालात?" फ्राउ क्लाईनचा हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही, दुकान मात्र मिळालं आणि मैत्रीही जमली.

परवा मावशीचा फोटो लावायला मी त्या दुकानात गेले. सध्या तिथे वरच्या मजल्यावरच्या आमालने शिवलेले फ्रॉक, तिच्या बहिणीच्या पिशव्या, आमच्या शुभदाच्या चटण्या. फ्राउ क्लाईन आणि मी भिंती धुंडाळल्या, फळ्या सरकवून पाहिल्या. आमाल संकोचून एक फ्रॉक काढायला लागली, तिला मी थांबवलं. वाईट वाटत होतं आणि आनंदही मावत नव्हता. मावशीच्या त्या रिकाम्या दुकानात आता वीतभरसुद्धा जागा रिकामी नव्हती. फोटो घेऊन मी घरी आले.