कावळ्यापुढचं अपील

आमच्या आबांच्या दहाव्याला दोन तास कावळा शिवला नाही, आणि त्याला कारण बेसबॉल.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते, पिंगळीला खेळाचे मास्तर. कुठल्याशा शिबिरातून ते बेसबॉल शिकून आले आणि सुताराकडून बाभळीची बॅट करवून हात धुऊन आमच्या मागे लागले. नियमांवर त्यांचा फार जीव. (पोटच्या भगवानवर होता की नाही, याची भगवानलाच शंका होती!)

गंगाखेडला गोदावरीकाठी पिंड मांडला होता. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. एसटी कधी बंद होईल याचा नेम नाही, म्हणून सगळ्यांनाच परतायची घाई. समोरच्या वठलेल्या लिंबावर एकच कावळा. ओरडत नव्हता, हलत नव्हता. वारा पडलेला, नदीचं पाणी जागच्या जागी. भर दुपारी अंगावर शहारा यावा अशी शांतता! आणि तो कावळा मान तिरकी करून नेमका माझ्याकडे बघत होता.

"आबा, आईला सांबाळतो!" भगवान ओल्या धोतरात हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म.

"शेत इकणार न्हाई!" ढिम्म.

"बिडी सोडतो!" (इथे कावळ्याने डोळे मिटले. त्यालाही पटलं नसावं.)

काकूंना रडू फुटलं. "कशात जीव अडकलाय वो तुमचा? असं अधांतरी ऱ्हाऊ नका!"

कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं.

आठ वर्षांपूर्वीचा ताडकळसशी सामना. पंच आबा. शेवटचा डाव, पाळी भगवानची. पण त्याचं पोट बिघडलेलं, तो झुडपाआड. माझी पाळी त्याच्यानंतरची. मला कुठला दम! मीच बॅट घेऊन उभा राहिलो, चेंडू टोलवला आणि सामना जिंकला. पाळी सोडून कुणी खेळलं, तर समोरच्यांनी पुढचा चेंडू पडायच्या आत अपील करायचं असतं. पंचाने आपणहून तोंड उघडायचं नाही. ताडकळसवाल्यांच्या काही लक्षातच आलं नाही. आबा मात्र मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिले. सामनाच संपल्यामुळे पुढचा चेंडू कधी पडलाच नाही. म्हणजे आबांच्या लेखी अपिलाची वेळ अजून चालूच होती!

मी पुढे झालो. "आबा, त्या दिशी मी पाळी सोडून खेळलो. मी आउट!"

कावळा उडाला! पिंडापासून हातभरावर तो उतरला आणि माझ्याकडे एकदा बघून परत फांदीवर जाऊन बसला.

"आता काय चुकलं रे?" काकूंनी विचारलं.

काय चुकलं ते मला आठवलं. "भगवान," मी हळूच म्हणालो, "नियम असा की, पाळी सोडून जो खेळला तो आउट नसतो. ज्याची पाळी चुकली, तो आउट."

"म्हंजे मी? आरं, मी तर लोटा घेऊन झुडपात व्हतो!"

"म्हण रे बाबा आउट," काकू कळवळल्या. "बापाला मोकळं कर."

भगवानने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग भादरलेलं डोकं खाली घालून तो म्हणाला, "आबा... मी आउट."

शब्द संपायच्या आत कावळा पिंडावर! नदीवरून वाऱ्याची एक झुळूक आली. काकूंनी पदर डोळ्याला लावला, आणि खरं सांगतो, मलाही रडू आलं. आबा सुटले होते.

परतीच्या एसटीत मी भगवानशेजारी बसलो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला.

"अपील समोरच्या संघानं करायचं असतं न्हवं?"

"हो."

"मग ऊठ. तुझा संघ येगळा हाय."

एसटी गच्च भरलेली. तो सामना एकट्याने जिंकून देणारा मी पिंगळी येईपर्यंत दांड्याला लोंबकळत उभा होतो.