‘नो वरीज’ म्हणणाऱ्या साहेबाला दोन पानी माफी

आधी दुरुस्ती. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, की कागल स्टँडवरून पंचतारांकित एमआयडीसीत चालत जाता येतं. ते मी नकाशा बघून लिहिलं होतं. परवा खरंच चालले. जाऊ नका.

निमित्त मुलाखतीचं होतं. कोल्हापूरहून निपाणीची एसटी कागलला थांबते, पुढे शेअर रिक्षा, माणशी तीस रुपये. मी घामाघूम झाल्यावर एक रिक्षावाले मामा थांबले.

"ताई, वाट चुकलायसा व्हय?"

"नाही, चालत निघालेय."

"मग एसटीनं कशाला आला? कोल्हापूरपास्नंच चालायचं की!"

उरलेल्या निम्म्या वाटेचेही पूर्ण तीस घेतले.

काम होतं कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात परदेशी ग्राहकांच्या मेलना उत्तरं देण्याचं. चौथीपर्यंत मला आई-अण्णांनी घरीच शिकवलं, त्यामुळे माझं स्पेलिंग चुकत नाही आणि मला काळजी वाटायची थांबत नाही. एक्स्पोर्ट बघणाऱ्या मॅडमनी उत्तरं लिहून दाखवायला दोन मेल पुढे ठेवले. पहिल्यात उशिरा पोचलेल्या मालाबद्दल साहेब लिहीत होता, ‘नो वरीज’. आमच्या घरात कुणी ‘काळजी नाही’ म्हणालं, की ते नक्की रागावलेलं असतं. मी दोन पानं माफी लिहिली. दुसरा साहेब ‘अ लिटल कन्सर्न्ड’ होता. थोडीशी काळजी तर आमच्याकडे सणालाही असते. त्याला मी एका ओळीत शुभेच्छा दिल्या.

मॅडमनी वाचलं आणि शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघतील इतक्या जोरात म्हणाल्या, "अगं बाई! ज्याला काय वाटत न्हाय त्याच्या पाया पडलीस, आन् जो आतनं पेटलाय त्याला शुभेच्छा? हा ‘लिटल’ म्हणला की आम्ही जेवण टाकून पळतोय!"

मी पर्स उचलली. नोकरी गेलीच होती.

"बस खाली. जेवलीस का?" कँटीनची भाकरी आणि झुणका समोर आला. बाहेरच्यांनाही चाळीस रुपयांत मिळतो, नक्की खा. "स्पेलिंग चांगलं हाय तुझं. साहेबांचा स्वभाव शिकवतो आम्ही. महिनाभर काम करून बघ. पण शिकायला येणार असशील तरच ये, रडायला न्हाय."

घरी अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "शब्द शिकवले गं. ते बोलणारा माणूस कुठं दाखवणार होतो?" आईने लगेच विचारलं, रोज एसटीत जागा मिळेल का, मॅडम रागीट आहेत का, झुणका तिखट होता का.

मिळेल की नाही माहीत नाही. आहेत. होता.

आणि मला अजूनही खात्री आहे की मी पहिल्याच आठवड्यात एखाद्या देशाशी संबंध बिघडवणार. तरी सोमवारी सकाळी मी कागलला जाणार आहे.