टाचणीचा राग

बत्तीस वर्षांत तिच्या हातून कापड चुकीचं कापलं गेलं नव्हतं. त्या मंगळवारी गेलं, आणि तेही मुख्याध्यापिकेच्या नव्याकोऱ्या कोटाचं.

काम साधं होतं. बाह्या दोन बोटं लांब होत्या, तेवढ्या कमी करायच्या. तिने खडूची रेघ मारली, कात्री लावली आणि हात थरथरला. कात्री रेघ सोडून वर चढली. डावी बाही मनगटापाशी उंदराने कुरतडल्यासारखी झाली. अंगाला दरदरून घाम फुटला होता, छाती धडधडत होती. तोंडात धरलेल्या टाचण्या तिने फरशीवर थुंकल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

या टाचण्यांवरूनच तिला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. तोंडात टाचण्या असल्या की ती बोलत नसे, आणि नसल्या की जे बोले तेही टाचण्यांसारखंच असे. घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी तिचं टेबल आणि शिलाई मशीन. नवे कपडे ती शिवत नसे, लोकांचे आहेत ते घट्ट-सैल करून द्यायची. लोक सुटायचे, वाळायचे, त्यांची मुलं उंच व्हायची, आणि टाचणी शिवण उसवून माणसाला पुन्हा त्याच कपड्यात बसवायची. वय चोपन्न. उजवा गुडघा दुखरा. बाकी तिला काही होत नाही अशी घरात सगळ्यांची खात्री होती, कारण तसं तिनेच त्यांना तीस वर्षं सांगितलं होतं.

संध्याकाळी मुख्याध्यापिका कोट न्यायला आली. टाचणीने कापलेली बाही पुढे केली आणि बोलणी खायची तयारी केली. पण बाई ओरडली नाही. हळूच म्हणाली, "असू द्या हो. वय झालं की व्हायचंच असं."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर टाचणीने ऐकून घेतल्या असत्या. ही दया ऐकून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रविवारी या," एवढंच म्हणून तिने कोट ठेवून घेतला.

गेले चार महिने हेच चाललं होतं. घाम फुटला, वयाचं आहे. हात थरथरले, वयाचं आहे. भरल्या घरात एकदम भूक लागून डोळ्यांपुढे अंधारी आली, वयाचं आहे. शेजारीण म्हणाली, "पाळी गेली की असंच होतं गं, मी तर वर्षभर भांडी आपटत होते." नवरा म्हणाला, "आता तू म्हातारी झालीस." आणि हे सांगणारा गृहस्थ तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला दोन शिंका आल्या तरी दवाखाना, आणि बायकोला चक्कर आली की वय.

त्या घरातल्या कपाटात वरच्या फळीवर तीन फायली होत्या. एक नवऱ्याची, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही असल्यामुळे चांगली जाडजूड. एक सासूची. सासू जाऊन सात वर्षं झाली तरी ती फाईल होती. तिसरी मुलाची, गाडीवरून पडून पाय मोडून घेतला तेव्हाची. तिन्ही फायली टाचणीने तारखेवार लावलेल्या, प्रत्येक चिठ्ठी जागच्या जागी. टाचणीची फाईल नव्हती. दवाखान्यातला तिच्या नावाचा शेवटचा कागद मुलगा जन्मला तेव्हाचा, आणि तोही मुलाच्याच फाईलमध्ये लावलेला होता.

कोटाची गोष्ट रात्रीच्या जेवणापर्यंत थांबली नाही. ती चहालाच निघाली.

"मी काय म्हणतो," नवरा म्हणाला, "आता पुरे कर हे. गिऱ्हाइकाचं नुकसान झालं की नाव जातं."

"आई, खरंच आराम कर गं आता," मुलगा म्हणाला. तो घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचा. "किती वर्षं राबलीस. आणि खिडकीपाशी माझं टेबल मस्त बसेल. उजेड आहे तिथे."

"मशीन बघायला रविवारी एक जण येतोय," नवऱ्याने बशीत चहा ओतत सांगून टाकलं.

टाचणीने दोघांकडे पाहिलं. "मला विचारलंत?"

"तुझ्याच भल्यासाठी चाललंय ना."

"मला विचारलंत का, एवढंच सांगा."

तिने कप इतक्या जोरात ठेवला की कान तुटून हातात आला. नवरा मुलाला म्हणाला, "बघ. हेच ते. या वयात बायका अशा होतात, आपण समजून घ्यायचं." आणि दोघंही समजून घेत उठून गेले. म्हणजे ओरडलं तर वय, गप्प बसलं तर तब्येत. एखाद्या बाईला खरं कारण असल्यामुळेही राग येऊ शकतो हे त्या घरात कुणाच्या गावीच नव्हतं.

खरं तर रागाखाली भीती होती, आणि ती टाचणीने कुणाला दाखवली नाही. हे हात गेले तर ती कोण? नवऱ्याच्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवणारी बाई. उजेड सोडून आतल्या खोलीत बसलेली, कुणी चष्मा मागितला की शोधून देणारी. रविवारला चार दिवस होते. तिने ठरवलं, चार दिवसांत हात ताळ्यावर आणायचे. त्यासाठी मशीनवर बसायला हवं, बसायला गुडघा हवा, आणि गुडघ्यासाठी गोळी हवी.

गोळ्या तिच्या बटणांच्या डब्यात असत. डबा दोन मजली होता. वरच्या कप्प्यांत बटणं, खालच्या कप्प्यांत घरातल्या उरलेल्या गोळ्या. कुणी बरं झालं, कुणाचं औषध बदललं, की राहिलेल्या पट्ट्या टाचणीकडे यायच्या. फेकायच्या कशा? पातेल्यातला शेवटचा करपलेला भात, तळाशी राहिलेलं दूध, मुलाने अर्धवट टाकलेलं बिस्किट, हे सगळं जिच्या पोटात जायचं तिच्याकडेच गोळ्याही आल्या. पट्ट्या कप्प्यात मावेनात म्हणून तिने त्या कात्रीने कापल्या, गोळ्या सोडवल्या आणि बटणांसारख्याच रंग-आकार बघून लावल्या. लांब तांबड्या एका कप्प्यात. पिवळ्या दुसऱ्यात. लहान, गोल, पांढऱ्या तिसऱ्यात. या पांढऱ्या मुलाच्या मोडलेल्या पायाच्या वेळच्या, दुखणं थांबवणाऱ्या. रोज सकाळी एक घेतली की गुडघा जरा ऐकायचा. म्हणजे कधी ऐकायचा, कधी अजिबात नाही. तिने बुधवारी दोन घेतल्या. गुरुवारीही दोन.

गुरुवारी नवऱ्याच्या तपासणीचा दिवस होता. फाईल काखेत धरून टाचणी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. बाकावर बसायच्या आधी तिथली नोंद करणारी मुलगी वर न बघता विचारायची, "पेशंट कोण?" आणि टाचणी नवऱ्याकडे बोट दाखवायची. पूर्वी सासूकडे दाखवायची, मधे वर्षभर मुलाकडे. त्या दिवशीही दाखवलं.

अर्ध्या तासाने तिला घाम सुटला. पोटात खड्डा पडला, बोटं कापायला लागली, आणि राग असा उसळला की ती उठून त्या मुलीवर ओरडली. काय ओरडली ते तिलाच नंतर आठवेना. नवरा ओशाळून लोकांना म्हणत होता, "काही नाही, काही नाही, वयाचं आहे." तेवढ्यात तिचे पाय लटपटले आणि ती बाकाच्या कडेला आपटून खाली बसली.

डॉक्टर बाई बाहेर आली. टाचणीच्या सुनेच्या वयाची असेल, म्हणजे सून असती तर. तिने कपाळाला हात लावला, ओला झालेला हात बघितला आणि बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला.

"अठ्ठेचाळीस," ती नोंदीच्या मुलीला म्हणाली. "साखर पार खाली गेलीय. ग्लुकोजचं पाणी आण पटकन." मग टाचणीला विचारलं, "मधुमेहाची गोळी घेता?"

"तिला काही नाही हो," नवरा म्हणाला. "मधुमेह मला आहे. तिचं आपलं ते—"

"मी त्यांना विचारतेय."

कुणीतरी टाचणीला काही विचारतंय आणि उत्तराची वाट बघतंय, हे दृश्य नवराही पहिल्यांदाच बघत होता.

"मी एकही औषध घेत नाही," टाचणी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या नावाने कधी कुठलं औषध आलंच नव्हतं.

"मग चालताना पाय का धरता? गुडघ्याला काय घेता?"

"ते होय. ते घरातलंच, उरलेलं."

डॉक्टर बाईने पेन खाली ठेवलं. "काय उरलेलं? ते घेऊन या. आत्ता."

नवऱ्याला घरी पाठवलं. घर दोन गल्ल्यांवर, पण तो दोनदा परत आला. एकदा "कुठला डबा?" विचारायला, एकदा "टेबलाच्या कुठल्या बाजूला?" विचारायला. ज्या टेबलाच्या जागी मुलाचं टेबल यायचं होतं, त्याच्यावर काय कुठे असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

डबा उघडला. वर बटणं. डॉक्टर बाईने वरचा कप्पा उचलला आणि खाली बघितलं. मग पांढऱ्या गोळ्या तळहातावर ओतून बोटाने दोन ढीग केले.

"यात दोन जाती आहेत. ही साधी, दुखण्यावरची. आणि हिच्यावर मधोमध चीर आहे, दिसली?" तिने नवऱ्याची फाईल ओढून पानं मागे उलटली. "ही तुमच्या मिस्टरांची साखर कमी करणारी जुनी गोळी. चार महिन्यांपूर्वी मी बदलली. जिला साखर नाही तिने ही घेतली तर असंच होणार. घाम, थरथर, चिडचिड, चक्कर. एखाद्या दिवशी शुद्धच गेली असती. मशीनवर असताना, नाहीतर रस्त्यात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन भोकांचं आणि चार भोकांचं बटण डोळे मिटून बोटांनी ओळखणारी बाई, आणि चार महिने तिने त्या गोळ्यांवरून एकदाही बोट फिरवलं नव्हतं. बटणं गिऱ्हाइकांची होती. गोळ्या फक्त तिच्या होत्या.

"अहो, तुम्ही एवढ्या हुशार," डॉक्टर बाई जरा चढ्या आवाजात म्हणाली, "आणि दुसऱ्याची औषधं खाता? दुखत होतं तर यायचं नाही का इथे?"

"आले की," टाचणी म्हणाली. "बारा वर्षं येतेय. याच बाकावर बसते. सासूला घेऊन आले, मुलाला घेऊन आले, यांना दर महिन्याला आणते. लंगडत येते. तुम्ही आज विचारलंत."

टाचणी तेवढ्यावर थांबली नाही.

"चूक माझीच. फेकायला हव्या होत्या, मला कळायला हवं होतं. पण उरलेलं आईने संपवायचं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. भात उरला, आई आहे. दूध नासायला आलंय, आई आहे. उरलेल्या गोळ्यांचं काय करतेस म्हणून या घरात मला कुणी विचारलं? मी चार महिने थरथरत होते, आणि यांनी काय केलं? मशीनला गिऱ्हाईक बघितलं."

नवरा बुटांकडे बघत राहिला. सबंध दवाखाना ऐकत होता, आणि टाचणीला त्याची लाज वाटली नाही. दुखणं अंगावर काढण्यात तिने तीस वर्षं घालवली होती. आज राग तरी अंगावर काढायचा नाही, असं तिने मनाशी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत तिला तिथेच ठेवलं. तासातासाला बोट टोचलं. साखर दोनदा घसरली आणि दोनदा वर आणली. निघताना डॉक्टर बाईने तिच्या नावाचा कागद केला, गुडघ्याचा फोटो काढायला सांगितलं, हाडांची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. पुढच्या गुरुवारी यायचं. खालचा मजला रिकामा करून डबा परत दिला.

शनिवारी हात दगडासारखे स्थिर होते. टाचणीने कोट घेतला, आतून दुमडलेलं कापड सोडवलं आणि दोन्ही बाह्यांना रुंद पट्टी लावली. कापलेली जागा पट्टीखाली गेली. घरात सगळे खूश होते. मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे राग गोळ्यांचाच होता तर. आता आपली जुनी आई परत मिळाली."

टाचणीने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं.

रविवारी मुख्याध्यापिका आली. बाह्या उलटसुलट करून बघितल्या. "वयाच्या मानाने हात फारच सुरेख आहे हो तुमचा."

"वय राहू द्या. शिवण बघा," टाचणी म्हणाली.

ती गेली आणि मशीन बघणारा आला. नवरा दारापर्यंत गेला, पण आत या म्हणायचं त्याला धाडस होईना. टाचणी खुर्चीतून उठली नाही. "विकायचं नाही," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "ज्यांनी तुम्हाला बोलावलं ते या मशीनचे मालक नाहीत." माणूस आल्या पावली परत गेला.

"अगं, अजून चिडलेलीच आहेस?" नवरा खरोखरच चकित होऊन म्हणाला. "गोळ्या तर बंद झाल्या."

"गोळ्या चुकीच्या होत्या," टाचणी म्हणाली. "राग बरोबर होता."

पुढच्या गुरुवारी दोघं दवाखान्यात गेली. या वेळी काखेत चौथी फाईल होती, पातळ, आणि ती टाचणीने नवऱ्याला धरायला लावली होती. नोंद करणारी मुलगी वर न बघता म्हणाली, "पेशंट कोण?"

सवयीने नवरा पुढे सरकला.

"तुम्ही बसा," टाचणी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात दाबत नोंदीच्या खिडकीपाशी गेली. "मी आहे."