हात दाबायला लावणारी सिस्टर

पुरुषांच्या वॉर्डातली थोरली सिस्टर नवरा शोधतेय, अशी कुजबूज सगळ्या इस्पितळात होती. नाहीतर नवा पेशंट आला की त्याचे दोन्ही हात धरून "दाबा बघू जोरात," असं कोण म्हणतं? पन्नाशी उलटलेली, बिनलग्नाची बाई. लोकांच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! कॅन्टीनवाला तर चहा देताना विचारायचा, "काय सिस्टर, स्वयंवर कुठवर आलं?"

ती हसायची. ज्या हातात जोर लागेल त्या बाजूला पट्टीच्या चिंधीने सिस्टरला बोलवायच्या घंटेचं बटण बांधायची, पेशंटला दाबायला लावायची, आणि दारावरचा दिवा लागला की मगच पुढच्या खाटेकडे वळायची.

एकदा एक म्हातारे शिंपी दाखल झाले. सिस्टरने हात धरले.

"दाबा आजोबा. अजून जोरात."

"जोर असता तर इथं आलो असतो का पोरी?"

स्टुलावरच्या आजी फणकारल्या, "माझा हात कधी एवढा वेळ धरला नाहीत हो!"

अख्खा वॉर्ड हसला. हसली नाही ती फक्त त्यांची सून. ती तरातरा मेट्रनकडे गेली.

मेट्रन सिस्टरची शिकतानाची मैत्रीण. तिने दार लोटून घेतलं. "अगं, लोक काय बोलतात, कानावर येतं ना तुझ्या?"

"येतं."

"मग सोड तो नाद. नाहीतर कारण तरी सांग, मी निस्तरते. गप्प बसलीस तर मला तुला खाली भांडारात धाडावं लागेल, चादरींच्या घड्या घालायला."

सिस्टरला वॉर्डाशिवाय दुसरं घर नव्हतं. तिने तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे ते स्वतःच्याही कानांनी ऐकावं लागणार. तिने तोंड मिटलं.

जाण्याआधी ती शिंपीबुवांच्या खाटेशी आली. चादर बदलताना कुणीतरी बटण पलीकडे टाकलं होतं. तिने ते पुन्हा डाव्या हाताशी बांधलं.

"काही लागलं की हे दाबायचं. दुसरी सिस्टर येईल."

"आणि तू गं?"

"मी खाली."

ती दारापर्यंत पोचली नाही तोच दारावरचा दिवा लागला. ती मागे फिरली.

"काय हवंय आजोबा?"

"काही नाही. येतेस का ते बघितलं."

तिने दिवा बंद केला, त्यांची चादर सारखी केली आणि जिना उतरून गेली.

नवरा वगैरे ती शोधत नव्हती. फार वर्षांपूर्वी तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला. आई याच इस्पितळात होती, वाचा गेलेली. लेकीने घंटेचं बटण सवयीने तिच्या उजव्या हातात दिलं आणि जेवायला गेली. आईची उजवी बाजूच लुळी पडली होती. घंटा वाजली नाही.