न विचारता दिलेला कागद

प्रगती सहावीत गेली तेव्हापासून रोज सकाळी आईचा पाय खाटेला बांधायचं काम तिच्याकडं आलं. आई, द्वारकाबाई, भिंतीशी बोलायची आणि लुगडं सोडून रस्त्यावर धावायची. वडील भिवाजी नार्नूरच्या शाळेत कारकून होते. त्यांना दहाच्या आत निघावं लागे, आणि ते जवळ गेले की आई ओरबाडायची. मुलीला ती जवळ येऊ द्यायची. म्हणून प्रगतीनं वेणी घालते म्हणायचं, केस विंचरायचे, आणि आईचे डोळे मिटले की दोर आवळायचा.

चार वर्षांनी एका शिबिरातल्या डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या. द्वारकाबाई बऱ्या झाल्या, पुन्हा भाकरी थापू लागल्या, आणि त्यांना सगळं आठवायला लागलं. नवऱ्याला त्यांनी माफ केलं. मुलीला मात्र पुन्हा डोक्याला हात लावू दिला नाही. आल्यागेल्याला सांगत, "हे गोड बोलून बांधत होती मले."

प्रगती हैदराबादला शिकून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाली आणि आदिलाबादला तिनं दोन खोल्या घेतल्या. गाव तिला पागलांची मॅडम म्हणे. पेशंटची खुर्ची ती दाराजवळ ठेवी आणि दाराला कडी लावत नसे. घरच्यांना बाहेर बसवी. "सोताहून आले, का कोणी आणलं?" हा तिचा पहिला प्रश्न. आणि काही झालं तरी पेशंटशी खोटं बोलायचं नाही. सगळं ठीक होईल, असं ती कुणालाच म्हणत नसे.

बोथहून नेहाला तिचे सासरे यशवंतराव घेऊन आले. त्यांचं किराणा दुकान, मुलगा पंकज, नेहाचा नवरा, ते सांभाळायचा. बाळंतपणानंतर नेहाची झोप उडाली होती. ही मुलगी माझी नाही, कोणीतरी बदलून ठेवली, असं ती म्हणे. दूध पाजत नव्हती. प्रगतीनं तिला औषधासाठी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं आणि स्वतः दर गुरुवारी तिच्याशी बोलत राहिली. तिसऱ्या महिन्यात नेहानं हलक्या आवाजात सांगितलं, एकदा मुलीच्या तोंडावर उशी ठेवायचं मनात आलं होतं. प्रगतीनं मान हलवली आणि सगळं ऐकून घेतलं. पुढं तीन महिन्यांत नेहा सावरली. मुलीला कडेवर घेऊन येऊ लागली.

मग यशवंतराव एकटेच आले. नातेवाईक सुनेला नावं ठेवतात, ती बरी झाली असं लिहून द्या, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील, म्हणाले. प्रगतीला ते पटलं. तिनं आजार काय होता, मनात काय काय आलं, उशीचंसुद्धा, आणि आता नेहा पूर्ण सावरली आहे, असं सविस्तर लिहिलं. नेहाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

महिन्याभरात नेहाला माहेरी, इंद्रवेल्लीला, नेऊन सोडलं. मुलगी ठेवून घेतली. घटस्फोटाचा आणि मुलीच्या ताब्याचा दावा लागला, आणि कोर्टात सासरच्यांच्या वकिलानं तोच कागद उशीपर्यंत वाचला. साक्षीला उभ्या प्रगतीनं, नेहा पूर्ण सावरली आहे, हे शेवटचं वाक्यही वाचायला लावलं. वकिलानं ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हा आजार पुन्हा कधीच होणार नाही, असं सांगू शकता?"

नेहा समोरच बसली होती.

"तसं कुणालाच सांगता येत नाही," प्रगती म्हणाली. धोका कमी आहे, उपचार आहेत, हे पुढं ती सांगत होती, पण वकील खाली बसला होता.

मुलगी पंकजकडं राहिली. आईला महिन्यातले दोन रविवार मिळाले, तेही सासरच्यांच्या देखत. बाहेर व्हरांड्यात नेहानं प्रगतीला गाठलं.

"मी उशीचं तुमाले सांगतलं होतं. त्याह्यले काऊन देल्लं?"

प्रगती चूक झाली म्हणाली.

"आन् आज एक डाव खोटं बोल्ल्या असत्या तं?"



आता प्रगती पेशंटच्या घरच्यांना कागद देत नाही. तसं सांगितलं की काहीजण पेशंटला उठवून दुसरीकडं नेतात, एक-दोघांनी तर भोंदूकडं नेलं. पंकजनं दुसरं लग्न केलं. मुलगी बोलायला लागली आहे, नेहाला ती मावशी म्हणते, पंकजच्या आईनं तसंच शिकवलंय. नेहा गोळ्या वेळेवर घेते, असं डॉक्टरांकडून कळतं. प्रगतीकडं ती पुन्हा आली नाही.